मोठी आई यादीत नव्हती

“लिहून राहिलो मॅडम” हे वाक्य सध्या मला उठता-बसता ऐकू येतं. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान कापणीला आलेला, दिवाळी नुकतीच आटोपलेली, गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झालेल्या, आणि नेमकी याच दिवसांत कॉलेजची अंतर्गत कामं जमा करायची शेवटची तारीख. दरवर्षी असंच. तारखा ठरवणाऱ्यांच्या घरी धान होत नसावा. मी पोरांना फोन लावते, कुठवर आलं म्हणून विचारते, आणि पलीकडून शांतपणे उत्तर येतं, लिहून राहिलो. बाहेरून आलेल्या माणसाला वाटेल, पोरगा आत्ता कागदावर वाकून बसला आहे. आम्हाला माहीत असतं की त्यानं अजून कागदच आणलेले नाहीत. आमच्या बोलीत एकदा ‘राहिलो’ लावलं की माणूस सुटला. घरून न निघालेला माणूसही येऊनच राहिलेला असतो. मी रागावते, पण फार नाही, कारण माझ्याही तोंडात तेच येतं.

मी गोंदियाच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. तासिका तत्त्वावरच्या माणसाच्या गळ्यात शिकवण्याशिवाय जी जी कामं पडतात त्यातलं एक हे: उशिरा आलेल्या कामांसोबतचे अर्ज वाचायचे, पुरावा जोडला आहे का ते बघायचं आणि गठ्ठा करून समितीपुढे ठेवायचा. नियम भिंतीवर लावलेला आहे. मुदतीनंतर आलेले काम स्वीकारले जाणार नाही. अपवादात्मक परिस्थिती असल्यास विद्यार्थ्याने पुराव्यासह अर्ज करावा. अर्ज शक्यतो मुदतीपूर्वी करावा. या शेवटच्या ओळीचं मला फार कौतुक वाटतं. म्हणजे माणसानं मरायच्या आधी कॉलेजला कळवायचं.

अर्ज मात्र वाचण्यासारखे असतात. ताप, बहिणीचं लग्न, मामाचा अपघात, गावात लाइट नाही, पोर्टल उघडत नाही. परवा एकानं सरळ लिहिलं की आमच्या गावची मंडई होती व नाटकात मी पोलिसाचे काम केले, सबब उशीर झाला. सोबत पुरावा म्हणून नाटकाचं हँडबिल. त्यावर त्याचं नाव होतं, फोटो होता, फोटोत मिशी चिकटवलेली होती. मी खूप हसले आणि मग विचारात पडले. मंडईच्या दिवशी आमच्या गावांत एकाही घरात पाहुण्याशिवाय चूल पेटत नाही, सासरी गेलेल्या पोरी येतात, वर्षभर न बोललेले भाऊ एका बाकावर बसून नाटक बघतात. त्या दिवशी तलाठी सापडत नाही, मास्तर सापडत नाही, मग या पोराकडेच प्रकल्प कसा सापडावा? पण मान्य कारणांच्या यादीत नाटक बसत नाही. मी तो अर्ज गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला, तेवढंच माझ्या हातात होतं.

या दिवसांत गोंदियाला राइस मिलांचा वास असतो. धान उकडल्याचा, ओलसर, जरासा आंबूस. नवीन बदलून आलेले साहेब लोक नाकाला रुमाल लावतात, आणि दोनेक महिन्यांत रुमाल घरी विसरायला लागतात. सकाळी धुकं, दुपारी डोळ्यांत घुसणारं ऊन, रस्त्यावर पेंढ्यांनी भरलेले ट्रॅक्टर, त्यांच्या मागे सांडत गेलेला धान आणि त्यावर उतरलेल्या चिमण्या. घराघरांत नवा तांदूळ येतो. मला हा मोसम आवडायला हवा. पण हे दिवस आले की मी आतून सुन्न होऊन जाते. दुःख म्हणावं तर तसंही नाही. जेवते, हसते, शिकवते, हजेरी घेते, फक्त कशानं काही फरक पडत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, तेव्हा गाल आपलाच असून आपला नसतो, तसं काहीतरी. मग धान उचलला जातो, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोकळ्या होतात आणि हळूहळू माझीही सुई उतरते.

हे त्या एका वर्षापासूनचं आहे.

तेव्हा मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला होते. गाव आमचं अर्जुनी मोरगावच्या बाजूला, मी गोंदियात खोली करून राहत होते. घरात पदवीच्या पुढे गेलेलं कोणी नव्हतं. मलाही बाबा जाऊ देणार नव्हते. बीए झालं, पुष्कळ झालं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मोठीमाय आडवी आली. मोठीमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ती बाबांशी भांडली नाही, तिनं फक्त त्यांच्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढायची, नीट समोर ठेवायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. माझे बाबा तसे रागीट, पण अबोल्यापुढे त्यांचं काही चालत नाही. शेवटी जा म्हणाले. पण एक वर्ष जरी वाया गेलं तरी सरळ घरी यायचं, ही अट घातली. ती अट माझ्यापेक्षा मोठीमायनंच जास्त मनावर घेतली होती. मी सुट्टीत घरी दोन दिवस जास्त राहिले तरी ती माझी पिशवी भरून ओसरीवर आणून ठेवायची.

मी तिच्याकडे कशी गेले ते कोणी ठरवलेलं नव्हतं. मी पहिली, आणि माझ्या पाठोपाठ वर्षभरातच जुळे भाऊ झाले. दोघंही अशक्त, एक रडायचा थांबला की दुसरा सुरू. माय त्या दोघांतच बुडाली. मोठीमायला मूल नव्हतं आणि मोठे बाबा लवकर गेले होते. अंगण एक होतं, चुली दोन. मला पलीकडच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं ते ठेवलंच. दूध तिकडे, अंघोळ तिकडे, झोप तिकडे. शाळेत नाव घालायला मोठीमायच घेऊन गेली आणि आईचं नाव विचारल्यावर तिनं मायचं नाव सांगितलं, कांता. तिचं स्वतःचं नाव सरस्वता. असा माझा संसार बालपणापासून दोन नावांवर चालत होता आणि आमच्याकडे त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. निम्म्या गावाची पोरं अशी कोणाकोणाकडे वाढतात. मायशी माझं वाकडं नव्हतं. ती अंगणाच्या पलीकडे होती, एवढंच.

मोठीमायच्या अंगाला गुडाखूचा वास यायचा. गुडाखू म्हणजे दातांना चोळायची तंबाखूची काळी पेस्ट. आमच्याकडच्या बाया सकाळी ती चोळत ओसरीवर बसतात आणि ते आटोपेपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. सोड ते, वाईट असतं, असं मी तिला सांगून सांगून थकले. तू पुस्तकं सोड, मी हे सोडते, असं ती म्हणायची आणि चूळ भरायला जायची. एमएसाठी मी आमच्या गावच्या तलावावर प्रकल्प घेतला होता. पाळीची म्हणजे बांधाची लांबी, गाळ, कोणाच्या शेताला किती पाणी. पाळ मोजताना टेपचं दुसरं टोक धरायला तीच आली होती. पदर खोचून उभी, आणि जो कोणी येईल-जाईल त्याला गंभीर चेहऱ्यानं सांगत होती की पोट्टी तलाव विकत घेऊन राहिली. एका म्हाताऱ्यानं ते खरंही मानलं.

फोन आला तेव्हा मी गोंदियात झेरॉक्सच्या दुकानात बसून शेवटचं प्रकरण टाइप करत होते. जमा करायची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. धाकट्या भावानं सांगितलं. धान कापता कापता ती छातीला हात लावून बांधावर टेकली आणि तिथेच गेली, दवाखाना पाहायचीही वेळ आली नाही. मी बरं म्हटलं. फोन ठेवला. मग फाइल सेव्ह केली, पेनड्राइव्ह नीट काढला, दुकानदाराला सांगितलं की बाकीचं नंतर करू. फाइल का सेव्ह केली हे मला आजही कळत नाही. हात करत होते आणि मी बघत होते. गाडीत खिडकीशी जागा मिळाली तेव्हा बरं वाटलं, हेही मला आठवतं.

घरी पोचले तर अंगणात बाया बसलेल्या. मला पाहून सगळ्यांनी एकदम सूर धरला, मी गळ्यात पडावं म्हणून एकदोघी उठल्याही. मी चपला काढल्या, पाय धुतले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात सकाळचं गुडाखूचं काळं तसंच होतं. ते मी ओढणीनं पुसलं. रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही, तेरवी होऊन गेली तरी नाही. पोट्टी दगड झाली, असं बाया आपसांत म्हणायच्या. एक म्हातारी रोज यायची आणि रड वं माय, मोकळी होशील, म्हणून पाठ चोळायची. मलाही रडायचं होतं. मला काहीच वाटत नव्हतं आणि त्याचीच मला भीती वाटत होती. मी भांडी घासली, पाहुण्यांना चहा दिला, आणि डोक्यात सारखं तलावाच्या गाळाचं कोष्टक फिरत होतं. माय रडत होती, मोठमोठ्यानं, जाऊ गेल्यासारखी नाही, बहीण गेल्यासारखी. तिनं मला जवळ घेतलं नाही आणि मीही गेले नाही. आम्हा दोघींना ती सवयच नव्हती.

त्यात आभाळ भरून आलेलं. कापलेला धान बांधीत आडवा पडला होता, एका पावसात काळा झाला असता. सुतक म्हणून आमच्या घरचं कोणी शेतात जाईना. तेव्हा न बोलावता गावातल्या बाया गेल्या, भारे बांधले, पुंजणं, म्हणजे भाऱ्यांचा ढीग, रचून त्यावर ताडपत्री टाकली आणि परस्पर आपापल्या घरी गेल्या. बाबा संध्याकाळी दारोदार जाऊन हात जोडून आले. कोणी काही विचारलं नाही की काही सांगितलं नाही. अपवादात्मक परिस्थिती हे शब्द पुढे मी कितीदा वाचले, प्रत्येक वेळी मला ते ताडपत्री टाकलेलं पुंजणं दिसतं.

मृत्यूच्या दाखल्याला वेळ लागला, कारण ग्रामसेवकाच्याही घरी धान होताच. दाखला हातात आल्यावर मी प्रकल्प घेऊन कॉलेजात गेले. अर्ज मी स्वतः लिहिला, अगदी शुद्ध भाषेत, आणि सगळा घोळ तिथेच झाला. ‘मोठीमाय’ लिहायला मला कसंतरीच वाटलं. एमएची मुलगी अर्जात माय लिहिते म्हणजे काय? म्हणून मी ते नीटनेटकं करून ‘माझी मोठी आई वारली’ असं लिहिलं.

अंतर्गत गुणांचं काम ज्या सरांकडे होतं ते पुण्याकडचे. माणूस चांगला, शिस्तीचा, कोणाला टाकून बोलायचा नाही. त्यांनी अर्ज वाचला, दाखला पाहिला, चष्मा काढला आणि आजी गेल्याचं ऐकून वाईट वाटलं म्हणाले. त्यांच्याकडे मोठी आई म्हणजे आजी. हे मला माहीत नव्हतं, आणि आमच्याकडची मोठी आई त्यांना माहीत नव्हती. नाही सर, असं म्हणायला तोंड उघडावं तर उघडेना. दाखल्यावर वय होतं, पन्नाशीच्या थोडं पुढचं. सर त्या आकड्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे पाहिलं, मनात काहीतरी वजाबाकी केली आणि समजूतदारपणे म्हणाले की तुमच्या भागात लग्नं फार लवकर होत असतील.

आज हे आठवलं की हसू येतं. मोठीमायला सांगता आलं असतं तर तिनं हे आठवडाभर गावभर सांगितलं असतं, सरांचा आवाज काढून. तेव्हा मात्र मी नुसती बसून होते. ऑफिसचे बिसेनबाबू कपाटात काहीतरी शोधत होते. ते वळून म्हणाले, आजी नाही सर, बडी माँ, म्हणजे बापाच्या मोठ्या भावाची घरवाली. अच्छा, म्हणजे काकू, असं म्हणून सरांनी माझ्या ‘मोठी आई’च्या वर पेन्सिलीनं ‘काकू’ लिहिलं. तिला मी जन्मात कधी काकू म्हटलं नव्हतं. मग त्यांनी नियमाचा कागद माझ्याकडे वळवला, यात त्यांचा काही दोष नाही हे मला दिसावं म्हणून. आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, अपत्य. काकू नव्हती. तशी आजीही नव्हती. परवा समितीची बैठक आहे, आणखी काही पुरावा असेल तर आणा, नाहीतर नाइलाज आहे, असं ते म्हणाले. नाइलाज म्हणजे त्या विषयात शून्य, शून्य म्हणजे नापास, नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे मोठीमायनं अबोला धरून मिळवलेलं सगळंच गेलं.

बिसेनबाबू माझ्या मागोमाग व्हरांड्यात आले. गोंदियाचेच, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे, आणि कोणाचं काम अडलेलं त्यांना बघवत नसे.

“ताई, एक काम करो,” ते म्हणाले. “नवीन अर्ज लिहा. उसमें से ‘मोठी’ काट दो, बस. आई तर यादीत पहिलीच आहे.”

दाखल्यावर सरस्वता, गुणपत्रिकेवर कांता, पण एवढं जुळवून कोण बघतं, असं त्यांचं म्हणणं. ते माझ्या भल्यासाठीच सांगत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं घरी गेले आणि जेवताना सगळं सांगून टाकलं, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. बाबा भडकले. जित्या बाईले कागदावर मारून राहिली का, म्हणाले, वर्ष जाते तं जाऊ दे, घरी बस. माय चुलीपाशी भात वाढत होती. ती एक अक्षर बोलली नाही. तिला राग आला असणार असं मी धरून चालले, आणि यायलाच हवा होता. बैठकीच्या दिवशी सकाळी पाहते तर ती पेटीतली चांगली साडी नेसून, पिशवी घेऊन अंगणात उभी. मीबी येतो गोंदियाले, म्हणाली. कायले, मी विचारलं. पाहू, म्हणाली.

आता हे सगळं पोर्टलवर आलं आहे. मृत व्यक्तीशी नातं निवडा, असं म्हणणारी एक खिडकी उघडते. तिच्यात तीच जुनी नावं, फक्त एकाखाली एक. शेवटी ‘इतर’ असतं. ‘इतर’ निवडलं की लिहायला एक रकाना मिळतो, आणि तो एवढाच असतो की त्यात मोठीमाय हा शब्द मावतो, तिच्याविषयी काही मावत नाही. मी नियमाला शिव्या घालत नाही. यादी नसेल तर काय होतं तेही मी पाहिलं आहे. बीएला, यादी नव्हती तेव्हा, आमच्याच वर्गातल्या एका बहाद्दरानं एकच आजोबा दोन सत्रांत मारले आणि दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आणलं. कुठेतरी रेघ मारावी लागते. पण रेघ मारणाऱ्यांच्या घरी अंगण कसं असतं, चुली किती असतात, हे मला विचारावंसं वाटतं. मी विचारत नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसानं फार विचारू नये.

त्या दिवशी समितीत सर होते, एक मॅडम होत्या आणि कागद घेऊन उभे बिसेनबाबू. मायला खुर्ची दिली. ती काठावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. ती आता काय बोलणार, मला काहीच माहीत नव्हतं. माझ्या छातीत धडधडलं असं लिहायला बरं दिसलं असतं, पण धडधडलं नाही. मी भिंतीवरचा नकाशा बघत होते, त्यात आमचा तलाव कुठे असेल ते शोधत होते.

सरांनी अदबीनं विचारलं, आपण विद्यार्थिनीच्या कोण?

“कागदावर तिची माय मी आहो,” माय म्हणाली.

सर थबकले. त्यांनी गुणपत्रिका पाहिली, दाखला पाहिला. आई हयात आहेत तर मग, असं हळूच काहीतरी म्हणाले. बिसेनबाबूंनी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, बाईनं घात केला.

“मी जित्ती आहो, साहेब,” माय म्हणाली. “पण हे पोरगी माह्याजवळ कधी निजली नाई. ताप आला तं सरस्वताबाई जागे. भूक लागली तं हे तिच्याच चुलीवर जाये. मले दोन पोट्टे होते, मले फुरसतच नोती. जलम म्या देल्ला, पण माय तेच होती. मी तिची लहानी माय आहो. माय मेली तिची. तसं लिहा.”

आमच्याकडे बापाच्या धाकट्या भावाच्या बायकोला लहानी माय म्हणतात. सरांना ते कळलं की नाही कोण जाणे, पण मला कळलं. माझी आई चारचौघांत, चांगली साडी नेसून, मला जन्म देऊन स्वतःच माझी काकू झाली होती. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. बाजारात धानाचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि पिशवीचे बंद नीट करत बसली.

मॅडमनी सरांकडे पाहून मान हलवली. सरांनी खोडरबर घेतलं, ‘काकू’ पुसलं, आणि शेऱ्यात लिहिलं की मृत व्यक्ती ही विद्यार्थिनीची आई म्हणून सांभाळ करणारी होती, काम स्वीकारावे. उशिराचे गुण कापले, ते नियमाप्रमाणे कापायचेच होते. पालकाची सही हवी होती. मायनं पेन घट्ट धरून, एकेक अक्षर जुळवत, कांता असं लिहिलं. बाहेर आल्यावर बिसेनबाबूंनी तिला वाकून नमस्कार केला आणि ती गोंधळून बाजूला सरकली.

माझं वर्ष वाचलं. पुढे एमए झालं, नेट झालं, आणि मी ज्या टेबलाच्या अलीकडे बसले होते तसल्याच एका टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. पण त्या मोसमाची आठवण निघाली की मला निकाल आठवत नाही. मला त्यानंतरचं स्टेशन आठवतं.

आम्ही दोघी स्टेशनवर आलो. गाडीला उशीर होता, आणि तिला कोणी कारण विचारत नव्हतं. बाकावर बसलो. मायनं पिशवीतून तांदळाच्या भाकरी काढल्या, वर ठेचा ठेवला आणि अर्धं फडकं माझ्या मांडीवर पसरलं. आम्ही दोघीच अशा कुठे बसून जेवल्याचं मला आठवत नव्हतं. नेहमी भाऊ असायचे, बाबा असायचे, मोठीमाय तर असायचीच. तिला मी तिखट किती खाते तेही नक्की माहीत नव्हतं. तिनं ठेचा जास्त वाढला आणि मी तो खाल्ला.

खाऊन झाल्यावर ती म्हणाली, तुह्या बाले सांगजो नोको, मी तिथं काय बोलली ते. मी नाही सांगणार म्हटलं. मग ती समोरच्या रुळांकडे बघत होती. फडकं घडी करायची, मोडायची, पुन्हा घडी करायची.

“खरंच बोलली ना मी?” तिनं विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. नाही म्हण, वेडी का तू, म्हण, असं काहीतरी. आणि खोटं बोलायची माझ्यात त्या वेळी ताकदच नव्हती.

“हो, माय,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. बस्स, एवढंच. आणि तिची ती हललेली मान पाहता पाहता मला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं. भरल्या फलाटावर, लोक वळून बघत असताना, मी तोंड दाबून, मग न दाबता रडले. मोठीमायसाठी रडत होते की शेजारी बसलेल्या बाईसाठी, ते वेगळं करता येत नव्हतं. मायला काय करावं ते सुचेना. रडणाऱ्या मला जवळ घ्यायचं काम तिनं कधी केलंच नव्हतं. तिनं आधी पिशवी खाली ठेवली, मग हात साडीला पुसला, आणि मग तो माझ्या पाठीवर ठेवला, जरा बिचकत, दुसऱ्याच्या पोरीच्या पाठीवर ठेवावा तसा. गाडी येईपर्यंत तो तिथेच होता.